सासूबाईंची चेरोकी पणजी

प्रश्न : आम्ही टेनेसीत राहतो. माझ्या अमेरिकन सासूबाई सांगतात, त्यांची पणजी चेरोकी (अमेरिकेतली एक मूळनिवासी जमात) राजकन्या होती. कागद एकही नाही. लेक कॉलेजच्या अर्जात वंशाच्या रकान्यात ‘चेरोकी’ लिहू का, म्हणते. डीएनए चाचणी करावी का?

उत्तर : लेकीला सांगा, तूर्त लिहू नकोस. आपला माणूस कोण, हे चेरोकींची सरकारं ठरवतात, तेही नोंदींवरून. ओक्लाहोमातल्या चेरोकी नेशन या सरकारला डॉझ यादीतला (१९००च्या सुमारास अमेरिकन सरकारने केलेली जमातीच्या सदस्यांची नोंद) थेट पूर्वज लागतो. नॉर्थ कॅरोलिनातल्या ईस्टर्न बँड या दुसऱ्या चेरोकी सरकारला तशाच १९२४च्या बेकर यादीतला. चाचणीचे पैसे वाचवा. ती जमात सांगत नाही, आणि पाच पिढ्यांमागचा एक पूर्वज तिच्यात दिसेलच असंही नाही.

‘राजकन्या’ हा शब्दही बाजूला ठेवा. चेरोकींत प्रमुख होते, सभा होत्या, कुळ आईकडून चालायचं. राजाच नव्हता, तर राजकन्या कुठली?

सुरुवात सासूबाईंच्या जन्मदाखल्यापासून करा आणि एकेक पिढी मागे जा, उडी मारू नका. टेनेसीत १९१४पासूनचे मृत्यूदाखले बहुतेक मिळतात. त्यात आईवडिलांची नावं असतात. पणजीचं माहेरचं आडनाव हाती लागलं की गियन मिलर या सरकारी अधिकाऱ्याने तपासलेले, चेरोकी असल्याचा दावा करणारे अर्ज उघडा. अमेरिकन सरकारने चेरोकींशी केलेले करार मोडले, त्याची भरपाई मिळणार म्हणून १९०६-०७ मध्ये ४५ हजारांवर अर्ज आले होते. मला सगळ्या कागदांत हेच प्रिय, कारण अर्जदाराला आईवडील, आजीआजोबा, भावंडं, मामा-मावश्या, काका-आत्या सगळे लिहावे लागत. पणजी तेव्हा हयात असेल, तर तिचं किंवा तिच्या भावंडांचं नाव तिथे असू शकतं. अर्ज नामंजूर झालेला दिसला तरी बंद करू नका. नकाराचं कारण वाचा. पूर्वज चेरोकींमध्ये कधी राहिलेच नाहीत, असंही तिथे सापडतं. तरी घरच्यांची नावं खुद्द घरच्याच माणसाने सांगितलेली असतात, आणि वंशावळीला ती सोन्यासारखी.

१८८०च्या जनगणनेत पणजी ‘गोरी’ म्हणून आली असेल, तर तेही जसंच्या तसं टिपून ठेवा. सासूबाईंची गोष्ट मात्र पुसू नका. त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून घ्या आणि वर नोंद करा : ‘सासूबाईंनी सांगितलेलं, पुरावा नाही.’