डोळ्यांपुढचा हात

वेंगुर्ले,
दसऱ्यानंतरचा रविवार

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

ओरोसची बास्केटबॉलची मॅच खेळून परत येताना तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. कुडाळ मागे पडलं तरी एक शब्द बोलली नाहीस. उतरताना एवढंच म्हणालीस, "सर, मी तिला हातसुद्धा लावला नव्हता." खरं आहे. मी बेंचवरून बघत होतो, तुझा हात तिला कुठेच लागला नाही. तरीही पंचाने तुझ्यावर फाऊलची शिट्टी मारली ती बरोबर होती. का बरोबर होती ते सगळ्यांसमोर सांगण्याची ती वेळ नव्हती, म्हणून हे पत्र.

तो क्षण आधी डोळ्यांसमोर आण. तिसरा क्वार्टर. त्यांची उंच पोरगी डाव्या कोपऱ्यात मोकळी राहिली, कारण तू आत मदतीला गेली होतीस. पास तिच्याकडे गेला आणि तू धावलीस. पोचलीस तेव्हा तिने बॉल कपाळाच्या वर नेला होता. तुझा पंजा मात्र तिच्या नाकासमोर होता, बोटं पसरलेली, जेमतेम वीतभर अंतरावर, आणि तो तू दोनदा हलवलास. बॉल वर आणि हात खाली. पंचाने नेमकं तेच पाहिलं. बॉल अडवायला निघालेला हात बॉलच्या दिशेने जातो. तुझा हात तिच्या नजरेच्या दिशेने गेला होता.

आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनी खेळतो. त्यात प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांजवळ हात हलवून किंवा धरून त्याची नजर अडवणं हा टेक्निकल फाऊल आहे. टेक्निकल हा मुळात स्पर्शाचा फाऊलच नव्हे, वागणुकीचा आहे. म्हणून "मी हात लावला नाही" हे तुझं म्हणणं खरं असूनही तिथे कामाला येत नाही. धक्का, पकडणं, हातावर फटका, हे सगळं वैयक्तिक फाऊलच्या खात्यात जातं. हे खातं वेगळं आहे.

त्याची किंमतही नीट समजून घे. समोरच्या संघाला १ फ्री थ्रो, म्हणजे कुणी अडवायला नसताना रिंगवर मारायचा बॉल, मिळतो. तो त्यांच्यातली कुणीही मारू शकते, म्हणजे ते आपली सगळ्यात पक्की शूटर उभी करणार. त्यानंतर बॉल पुन्हा ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडेच. ५ फाऊल झाले की खेळाडू बाहेर, त्या ५ पैकी १ तुझ्या नावावर लागतो. शिवाय तो संघाच्या फाऊलमध्येही धरला जातो, आणि एका क्वार्टरमध्ये संघाचे ४ झाले की पुढे बचावातल्या साध्या वैयक्तिक फाऊललाही समोरच्यांना २ फ्री थ्रो. असे २ टेक्निकल झाले तर तू मॅचच्या बाहेर. एका पंजापायी एवढं सगळं.

तू मोबाइलवरची ती क्लिप मला दाखवली होतीस, शेन बॅटिए कोबी ब्रायंटच्या तोंडासमोर हात धरतो ती. बॅटिए फार अभ्यासू डिफेंडर होता, त्याच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण ती एनबीए आहे, अमेरिकेतली व्यावसायिक लीग, त्यांचं नियमपुस्तक वेगळं. डोळ्यांसमोर हात धरण्याबद्दल तिथे जे लिहिलंय ते बॉल हातात नसलेल्या खेळाडूला मागून गार्ड करण्याबद्दल आहे. आपल्या पुस्तकात असा फरक केलेला नाही. तिकडचं बघून इकडे खेळलीस तर प्रत्येक वेळी अडचणीत येशील.

आता जरा माझं ऐक. मी तुझ्या वयाचा असताना हीच खोड मला होती, आणि ती मला शिकवलेली होती. "डोळ्यात पंजा घाल, आपोआप हुकेल," असं सांगितलं जायचं, आणि मी ते मन लावून करायचो. एका मॅचमध्ये समोरच्या मुलाने उडी मारताना मान पुढे केली आणि माझं नख त्याच्या डोळ्याला लागलं. तो जमिनीवर बसला. डोळा दोन्ही हातांनी दाबून धरलेला, बोटांमधून पाणी गळतंय. बुबुळावर ओरखडा उठला होता. आठवडाभर तो डोळ्यावर पट्टी बांधून शाळेत यायचा आणि मी त्याला लांबून बघायचो. डोळा वाचला. पण तेव्हापासून मी नख वाढलेल्या मुलाला कोर्टवर पाय ठेवू देत नाही आणि तोंडासमोर आलेला हात मला बघवत नाही. पंच तिथे स्पर्शाची वाट न बघता शिट्टी मारतो ते मला म्हणूनच पटतं. स्पर्श होईपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो.

याचा अर्थ हात खाली ठेवायचा असा मुळीच काढू नकोस! शॉट उठला की हात उठलाच पाहिजे. फक्त तो सरळ वर जाऊ दे, कोपर ताठ, तळवा बॉलकडे. बॉल सुटतो त्या जागेच्या शक्य तितक्या जवळ. तुझं शरीर तुझ्या स्वतःच्या जागेत, सरळ उभ्या रेषेत राहिलं आणि ती तुझ्यावर येऊन आदळली, तर दोष तुझा नाही. असा उभा हात तिच्या नजरेत थोडासा येईलच, त्याला कुणी फाऊल म्हणत नाही. पंच बघतो ते तुझ्या हाताचं अंतर आणि त्याचा रोख. आणि ती हवेत असेपर्यंत तिच्या पायांखाली शिरू नकोस. जिथून उडी घेतली तिथेच उतरण्याचा तिला हक्क आहे. घोटे मोडतात ते बहुतेक असेच.

खरी चूक मात्र हाताची नव्हतीच. ती पायांची होती, आणि त्याच्याही आधी डोक्याची. पास हवेत होता तेव्हा तू निघायला हवी होतीस. तू निघालीस पास तिच्या हातात पडल्यावर. मग लांब ढांगा टाकत आलीस, थांबता आलं नाही, आणि उशीर झाल्याचं लक्षात आल्यावर हाताने भरपाई करायला गेलीस. पहिल्या दोन ढांगा मोठ्या टाक, शेवटची तीन-चार पावलं बारीक, धापधाप वाजणारी, कंबर खाली, वजन मागच्या बाजूला. मग ती शॉट घेवो नाहीतर ड्रिबल करून आत घुसो, तू दोन्हीला तयार.

वेळेवर पोचण्याचा फायदा किती मोठा आहे ते सांगतो. कॅनडातल्या जोन विकर्स यांनी फ्री थ्रो मारणाऱ्यांच्या नजरेचा अभ्यास केला, १९९६ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की पक्के शूटर हात हलवण्याआधी रिंगवर एका जागी नजर जास्त वेळ स्थिर ठेवतात. कच्च्यांची नजर तेवढा वेळ स्थिर राहत नाही. म्हणजे शूटरला लागतो तो रिंगकडे निवांत बघायला मिळालेला एक क्षण. तू तिच्या आधी तिथे उभी असलीस तर तो क्षण तिला मिळतच नाही. घाईत उचललेला बॉल तुझ्या हाताशिवायच हुकतो, आणि यात नियमाला धक्का कुठेच लागत नाही.

आणखी एक. आपली पोरं समोरची शॉट घेताना कानाशी "गेला, गेला!" म्हणून ओरडतात, पाय आपटतात. कबड्डीच्या मैदानावरून आलेली सवय आहे ती, पण इथे तीही चालत नाही. नुसत्या ओरडण्यावर बॉल रिंगमध्ये पडला तर ताकीद आणि हुकला तर टेक्निकल. आधीच ताकीद मिळालेली असेल तर बॉल पडला तरी टेक्निकलच. फ्री थ्रोच्या वेळीही शूटरचं लक्ष विचलित करायचं नाही. केलंस आणि तिचा हुकला, तर तिला तो पुन्हा मिळतो. लहान भावंडांना हे तूच सांग, तुझं ती ऐकतात.

आपल्या शाळेच्या कोर्टवर संध्याकाळी पाच वाजता समुद्राकडच्या रिंगवर शॉट घ्यायचा म्हटलं की उन्हाची तिरीप थेट डोळ्यांत येते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तू तक्रार करतेस, भुवया आक्रसतेस, तरी मारतेस. त्या उन्हाबद्दल मला कधी राग आला नाही, कारण हाफ टाइमनंतर बाजू बदलतात आणि तेच ऊन त्यांच्याही डोळ्यांत जातं. हात तसा बाजू बदलत नाही. तो कुणीतरी मुद्दाम तिच्याच डोळ्यांपुढे आणलेला असतो.

तुझ्याही तोंडासमोर असा हात येईल. सगळे पंच प्रत्येक वेळी बघतातच असं नाही. तेव्हा हाताकडे बघायचं नाही. रिंगच्या पुढच्या कडेवर एक जागा धर आणि हात मध्ये आला तरी त्या जागेवरून नजर काढू नकोस. याचा सराव आपण करू. माडाची एक ओली झावळी काढून ठेवायला मी सांगितलं आहे. दुसरी मुलगी ती तुझ्यासमोर धरेल, तू चार मीटरवरून मारायचंस. पात्यांच्या फटींतून रिंग दिसते, तेवढी पुरते. पहिले दहा-वीस हुकतील, मग पडायला लागतील.

मंगळवारी सकाळी साडेसहाला ये. कोर्टच्या मागच्या कोपऱ्यात अजून शेवाळ आहे, म्हणून आधी दोघी-तिघींनी मिळून खराट्याने घासून घ्या. आणि नखं कापून ये.

तुझे,
सर