आधी टॅपेट, मग स्क्रू: कार्ब्युरेटरची पत्रं

या खेपेच्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच घोळ आहे. "मिक्श्चरचे चारही स्क्रू मोजून सारखे फिरवले, तरी सिंक होत नाही." होणारच नाही. सिंक हवेचं करायचं असतं. दोन कार्ब्युरेटरच्या चारही घशांतून (हवेच्या नळ्यांतून) आयडलला सारखी हवा जायला हवी, आणि त्या हवेत पेट्रोल किती मिसळायचं हा त्यानंतरचा उद्योग. मिक्श्चर स्क्रू हाताला आधी लागतो म्हणून तो आधी फिरवायचा नसतो. आता पत्रं.

पद्मिनीत एस्टीमचं १२९८ सीसी इंजिन बसवून त्यावर दोन वेबर ४५ डीसीओई कार्ब्युरेटर लावले आहेत. २००० ते ३००० आरपीएममध्ये गाडी गुदमरते. मिस्त्री म्हणतात मेन जेट मोठा टाका. किती नंबरचा टाकू? (सांगली)

टाकू नका. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं पितळी भोक. हलक्या पायाने त्या आरपीएमला गाडी चालते ती आयडल जेटवर आणि प्रोग्रेशनच्या (थ्रॉटल किंचित उघडला की पेट्रोल देणाऱ्या) बारीक भोकांवर. मेन जेटने तेव्हा जेमतेम तोंड उघडलेलं असतं. आधी आयडल जेट बघा.

खरी शंका मला वेगळ्याच आकड्याची आहे. ४५ हा थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) भोकाचा मिलिमीटरमधला आकडा. आत चोक कोणता बसवलाय ते तुम्ही लिहिलेलंच नाही. (चोक म्हणजे इथे व्हेंच्युरी, घशातली अरुंद जागा, सकाळी ओढतो तो नव्हे. या एका शब्दाने किती पत्रं वाढवली आहेत!) ४५ बरोबर विकणाऱ्याने ३६ चा चोक दिला असेल, तर तुमच्या ३२५ सीसीच्या सिलिंडरला तो ढगळ आहे. हवेला वेग येत नाही, पेट्रोल ओढलं जात नाही, गाडी गुदमरते. तुमच्या इंजिनाला ४० डीसीओई आणि ३० चा चोक पुरे होता, पण मोठा नंबर विकायला सोपा असतो. सुरुवातीचा ठोकताळा असा: चोक गुणिले चार म्हणजे मेन जेट, त्यात पन्नास मिळवले की एअर करेक्टर (मेन जेटच्या पेट्रोलात हवा मिसळणारा जेट). ३० ला १२० आणि १७०. इथून सुरुवात करायची आणि पुढचं डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), जाणत्या माणसासमोर ठरवायचं.

सिंक मीटर (घशातली हवा मोजणारा) महाग आहे. रबरी नळी कानाला लावून काम होतं का? (नाशिक)

अंदाज येतो, सिंक होत नाही. चार मित्र मिळून एक मीटर घ्या.

त्याआधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), कॉम्प्रेशन, पॉइंटचा गॅप, टायमिंग, प्लग, फ्लोटच्या भांड्यातली पेट्रोलची पातळी आणि मॅनिफोल्डची हवागळती, सगळं नीट असल्याची खात्री करा. कार्ब्युरेटरची म्हणून माझ्याकडे येणारी बरीचशी दुखणी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली सापडतात. मग इंजिन पूर्ण गरम करा, लिंकेज (दोन्ही कार्ब्युरेटरचे थ्रॉटल एकत्र हलवणारी जोडणी) सोडा आणि मीटर एकेका घशावर धरा. डीसीओईचे दोन घसे एकाच स्पिंडलवर (थ्रॉटलच्या दांड्यावर) असतात, त्यामुळे त्या दोघांतला फरक थ्रॉटलच्या स्क्रूने जात नाही. नव्या मॉडेलांना त्यासाठी बायपास स्क्रू दिलेले आहेत. ते आधी पूर्ण बंद करा, जास्त ओढणारा घसा तसाच ठेवा आणि कमी ओढणाऱ्याचा बायपास हळूहळू उघडून बरोबरी साधा. नंतर दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवा, लिंकेज जोडा आणि १५००-२००० आरपीएमला पुन्हा मोजा. आयडलला जुळलेले कार्ब्युरेटर लिंकेज जोडल्याबरोबर रुसतात, आणि हे शेवटचं मोजणंच सगळे गाळतात. एकाच कार्ब्युरेटरच्या दोन घशांत मोठा फरक राहिला तर स्पिंडल पिळलेला असू शकतो. तो घरी सरळ करू नका.

इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप लावला. कार्ब्युरेटर सारखे ओव्हरफ्लो होतात. (पुणे)

तो पंप तीन बारच्या आसपास दाब देतो, वेबरला लागतो ०.२ बार. पंप आजच काढा आणि तोवर गाडी सुरू करू नका.

मुंबईहून महाबळेश्वरला गेलो की गाडी जड होते आणि प्लग काळे पडतात. जेट बदलायचे का? (मुलुंड)

दोन दिवसांसाठी नाही. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे. तिथे हवा समुद्रकाठापेक्षा बारा-तेरा टक्के विरळ आणि मिक्श्चर सुमारे सहा टक्के रिच (पेट्रोल जास्त) होतं. खाली उतरल्यावरही प्लग काळेच राहिले तर दाखवा.

वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा) बसवलाय. फुल थ्रॉटलला १२.८ येतं, म्हणजे ट्यूनिंग परफेक्ट ना? जेट मिळत नव्हते म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडून चारही जेट १.३० वरून १.३५ करून घेतले. फक्त तीन नंबरचा प्लग पांढरा निघतो. (कोल्हापूर)

"फक्त" हा शब्द वाचून मी चहा बाजूला ठेवला.

तुमचा सेन्सर कुठे आहे? चार पाइप एकत्र येतात त्याच्या पुढे. म्हणजे मीटर तुम्हाला चौघांची सरासरी सांगतो. तीन सिलिंडर १२.४ वर आणि एक १४.२ वर असेल, तरी मीटरवर १२.८ च्याच आसपास दिसणार. तो एक तिथे फुल लोडवर भाजून निघतोय आणि तुम्ही काट्याचा फोटो काढताय. एका कार्ब्युरेटरच्या गाडीत सगळे एकाच भांड्यातून जेवतात. तुमच्याकडे प्रत्येक सिलिंडरचं ताट वेगळं आहे, आणि एकाच्या ताटात कमी वाढलं गेलं तर मीटरला त्याचा पत्ता लागत नाही.

उलटही फसगत होते. एखाद्या सिलिंडरला मिसिंग असेल तर न जळलेला ऑक्सिजन सेन्सरकडे जातो आणि मीटर लीन (पेट्रोल कमी) दाखवतो. माणूस जेट वाढवतो, दोष असतो प्लगच्या वायरीत.

आता लेथ. १.३० चं १.३५ झालं की भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ आठ टक्क्यांनी वाढतं. पाच शतांश मिलिमीटरला आठ टक्के पेट्रोल! त्यातला एक शतांशही हातातल्या ड्रिलने चार वेळा सारखा येत नाही. शिवाय प्रवाह नुसत्या व्यासावर ठरत नाही, भोकाच्या तोंडाचा उतार आणि आतला गुळगुळीतपणाही मोजला जातो. पितळेवर एक ओरखडा राहिला की तो जेट वेगळा. वर नंबर १३० चाच, म्हणजे पुढच्या मालकाचीही सोय झाली. उमेदीच्या काळात मीही सुईने जेट मोठे केले आहेत, आणि दोन नंबरच्या पिस्टनला पडलेलं भोक अजून माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

तुम्ही काय करायचं: फुल थ्रॉटल बंद. चारही जेट फेकून एकाच मापाचे अस्सल जेट घ्या. स्वस्तातल्या नकली किटमधले नकोत, त्यांचे नंबर आणि भोकं यांची ओळख नसते. तीन नंबरच्या घशाची ओ-रिंग तपासा. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डमधल्या रबरी बसणीत तडा असेल तर तिथूनच हवा घुसते. आयडलला इन्फ्रारेड गनने चारही एक्झॉस्ट पाइपांचं तापमान घ्या, थंड किंवा फार गरम असेल तो वेगळा काढा. आणि पुन्हा रेस घेण्याआधी कॉम्प्रेशन मोजून, बोअरोस्कोपने पिस्टनचा माथा कुणा जाणत्याकडून बघून घ्या. पत्रातून पिस्टन दिसत नाही.

ई२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलने जुने कार्ब्युरेटर खराब होतात असं सगळे म्हणतात. खरं काय? (म्हापसा)

"सगळे" कोण ते कधीच कळत नाही. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ लागतं, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे जुन्या हिशेबाने लावलेली गाडी ई२० वर लीन चालते. मेन जेटचा व्यास तीन-चार टक्क्यांनी वाढवावा लागू शकतो, १३० असेल तर १३५ पर्यंत, पण प्लग बघून आणि मीटरवर लॅम्ब्डा (लागणाऱ्या हवेच्या तुलनेत मिळालेली हवा) वाचून. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे डायफ्रॅम बदला, नळी एसएई जे३० आर९ दर्जाची घ्या. तुमच्याकडच्या दमट हवेत गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर फ्लोटची भांडी रिकामी ठेवा. इथेनॉल पाणी धरतं आणि मग भांड्यात पांढरी पूड बसते. वर ओतायच्या जादूच्या बाटलीबद्दलही विचारलंय. तिने जेट मोठा होत नाही.

माझ्याकडे १९६७ ची एमजीबी आहे, दोन एसयू कार्ब्युरेटर. मिक्श्चर बरोबर आहे हे मीटरशिवाय कसं कळेल? (लंडन)

हवा आधी जुळवा. मग एका कार्ब्युरेटरचा पिस्टन (इंजिनाचा नव्हे, एसयूच्या आतला) पिनने जेमतेम ०.८ मिलिमीटर उचला. आरपीएम वाढून वरच राहिला तर रिच, इंजिन पडायला लागलं तर लीन, क्षणभर वाढून जागेवर आला तर ठीक. डॅशपॉटमध्ये (त्या पिस्टनच्या वरच्या नळीत) तेल आहे का ते बघा. तुमच्याकडे एसयूची जाणकार मंडळी आहेत, त्यांना दाखवा.

इंजिन बदललंय, पीयूसी मिळतं. मग आरटीओत जायची गरज आहे का? (ठाणे)

आहे. पीयूसी फक्त धूर मोजतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबद्दल आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर कडक निकाल दिलाय. इंजिन आरसीवर नोंदलेलं नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल. आरटीओत आणि विमावाल्याकडे लेखी विचारा, एजंटाला नको.

रविवारी आमच्या ग्रुपची लोणावळा ड्राइव्ह आहे. कधीकधी पाय काढल्यावरही इंजिन २५०० ला अडकतं. सिंकमुळे असेल का? तोवर चालेल ना? (पिंपरी)

चालणार नाही. थ्रॉटल परत येत नाहीये. रिटर्न स्प्रिंग पेडलला एक असून भागत नाही, प्रत्येक कार्ब्युरेटरच्या स्पिंडलला हवी. लिंकेजचा एखादा सांधा इंजिन हललं की अडकत असेल, नाहीतर केबल पीळ खात असेल. घाटात उतारावर हे झालं तर सिंकचा प्रश्न उरणार नाही. शनिवारी गाडी दाखवा, रविवारी मित्राच्या गाडीत बसा.