वजनकाट्यावर दहा वर्षं

वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. मी नाशिकची. मुलगा सेकंड इयरला आहे. त्याच्या क्लासच्या मागच्या गल्लीत एमडीच्या (मेफेड्रोन या नशेच्या पावडरीच्या) पुड्या मिळतात हे सगळ्या पोरांना माहितीये, आम्हा आईबापांनाच सगळ्यात शेवटी कळलं. त्याचा एक मित्र वर्षभरात पार वाया गेला, अंगात जीव राहिला नाहीये, आईच्या अंगावर धावून जातो. असलं विष विकणाऱ्यांना सिंगापूरसारखी सरळ फाशी का देत नाहीत? - एक आई

प्रश्न : वकीलताई, माझा भाचा भाड्याचा टेम्पो चालवायचा. अडीच वर्षांपूर्वी हैदराबादकडून येताना सोलापूरच्या अलीकडे गाडी अडवली, भुशाच्या पोत्यांखाली ३२ किलो गांजा निघाला. तो म्हणतो मला माहीत नव्हतं, खरं खोटं देव जाणे, जास्तीचे पाच हजार मिळणार होते एवढं त्याने माझ्याकडे कबूल केलंय. जामीन दोनदा फेटाळला. अजून एकही साक्षीदार तपासलेला नाही. ज्याचा माल तो कागदावर ‘पाहिजे आरोपी’, म्हणजे मोकळाच. चूक असेल तर शिक्षा होऊ दे, पण दहा वर्षं? - एक मामा, बार्शी

उत्तर : ही दोन्ही पत्रं एकाच आठवड्यात आली आणि मी ती एकापुढे एक ठेवून दोनतीनदा वाचली, कारण दोघांचं म्हणणं एकाच कायद्याबद्दल आहे आणि मला विचाराल तर दोघंही खोटं बोलत नाहीयेत. म्हणून उत्तरही एकत्रच देते.

आधी नाशिकच्या ताईंना. ताई, विकणाऱ्यांचे लाड वगैरे आपला कायदा अजिबात करत नाही हो. अमली पदार्थांविरोधातला हा एनडीपीएस कायदा १९८५ चा आहे आणि देशातल्या सगळ्यात कडक कायद्यांपैकी एक आहे. तेव्हा मुंबईत गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, पोरं मरत होती, लोक घाबरले होते, त्या भीतीत हा कायदा आला. गांजा सोडला तर बहुतेक सगळ्याला किमान १० वर्षं, मग खिशात काही ग्रॅम असो की ट्रकभर, स्वतःच्या वापरापुरतं होतं हे सिद्ध करता आलं तरच थोडी सूट. सोळा वर्षं हे असंच चाललं. २००१ ला दुरुस्ती झाली आणि वजनाप्रमाणे तीन पायऱ्या केल्या. थोडा माल असेल तर आता जास्तीत जास्त १ वर्ष, मधला असेल तर १० वर्षांपर्यंत, आणि कमर्शियल म्हणजे व्यापारी प्रमाण असेल तर किमान १०, जास्तीत जास्त २० वर्षं, वर कमीत कमी १ लाख दंड. एमडीला कमर्शियलची रेघ ५० ग्रॅमवर आहे, हेरॉइनला २५० ग्रॅम, चरसला १ किलो, गांजाला २० किलो.

आणि फाशीही आहे बरं का आपल्याकडे. मोठ्या मालात एकदा शिक्षा झालेला माणूस पुन्हा तसाच सापडला, उदाहरणार्थ १ किलो हेरॉइनसकट, तर कलम ३१अ लागतं. आधी तिथे फाशी सक्तीची होती, दुसरा पर्यायच नाही. २०११ मध्ये मुंबई हायकोर्टाने ही सक्ती घटनेत बसत नाही असं सांगितलं आणि २०१४ च्या दुरुस्तीत ते न्यायाधीशांच्या मर्जीवर आलं. सिंगापूरला १५ ग्रॅम हेरॉइनवर फाशी आहे, १५ ग्रॅम म्हणजे तीन चमचे साखरेएवढं. तेवढ्यासाठी माणूस लटकवणं मला मान्य नाही, आणि त्याने तुमच्या मुलाच्या क्लासमागची गल्ली साफ होईल असंही मला वाटत नाही. त्या गल्लीतल्या पोराला कलम कुठलं आणि वर्षं किती हे माहीतच नसतं, त्याला एवढंच ठाऊक असतं की इथे कोणी येत नाही, आणि आलं तरी त्याला सांभाळून घेता येतं. उद्या शिक्षा दुप्पट केली तरी त्याच्या संध्याकाळच्या धंद्यात फरक पडत नाही, रोज पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली तर पडतो.

पण मोठ्यांना कडक शिक्षा हवीच, यात माझ्या मनात जराही शंका नाही. एमडी शेतात उगवत नाही, ते केमिकल आहे, कोणीतरी शेड भाड्याने घेतो, केमिस्ट आणतो, रिअॅक्टर बसवतो. तुमच्या नाशिकजवळ शिंदे गावात २०२३ मध्ये कारखाना सापडला, फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीत धाड टाकली, हे सगळं तुम्ही वाचलंच असेल. एमडी तर २०१५ पर्यंत या कायद्याच्या यादीतच नव्हतं, तोवर धंद्याने पाय रोवले. जो माणूस शांत डोक्याने हिशोब करून असा कारखाना टाकतो त्याला २० वर्षं दिली तर मला अजिबात वाईट वाटणार नाही.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. आपला कायदा माणूस पाहत नाही, वजन पाहतो. ५५ ग्रॅम एमडी पिशवीतून इकडचं तिकडे नेणारा विशीतला पोरगा आणि क्विंटलने माल काढणारा कारखानदार, दोघांची किमान शिक्षा एकच, १० वर्षं. न्यायाधीशांना वाटलं की हा पोरगा नुसता हमाल आहे, तरी हात बांधलेले. वजनसुद्धा शुद्ध मालाचं नाही, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय की त्यात मिसळलेली भेसळही धरायची. म्हणजे भेसळ केली दुसऱ्याने आणि रेघ ओलांडली याने.

आता बार्शीच्या दादांकडे येते, कारण वजनाचं खरं काय होतं ते तुमच्याच केससारख्या एका केसमध्ये मी डोळ्याने पाहिलंय. सेशन्स कोर्टात मुद्देमाल आणला होता, लाखेचं सील तोडून पोतं उघडलं आणि कोर्टभर तो उग्र वास पसरला. पंचनाम्यात नेहमीचंच वाक्य, ‘हिरवट काळसर रंगाचा, बोंडे, बिया, पाने, काड्या असलेला, उग्र वासाचा गांजासदृश पदार्थ’, वजन २२ किलो ४०० ग्रॅम. पोत्यात अंगठ्याएवढ्या जाड काड्या होत्या, तळाशी नुसता पाला आणि बी. आता कायद्यात गांजाची व्याख्या बघा, झाडाचे फुलाफळाचे शेंडे म्हणजे गांजा, शेंड्यांपासून वेगळा असलेला पाला आणि बी त्यात येत नाही. रस्त्यावर रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात कोणी काड्या निवडत बसत नाही, सरसकट पोतं काट्यावर चढतं, तेही ओलं. २० किलोच्या खाली आलं तर किमान १० वर्षांची सक्ती नाही आणि जामीनही मिळू शकतो, वर गेलं की सगळी दारं बंद. त्या दिवशी माझा अशील त्या पोत्याकडे नुसता बघत होता, काड्या असलेलं ते पोतं म्हणजे त्याचं आयुष्य होतं.

आंध्र-ओडिशाच्या सीमेवरून हा माल निघतो आणि तुमच्याच रस्त्याने येतो. पकडला जातो तो गाडीवरचा. मालकाचं नाव चार्जशीटमध्ये असतं तेसुद्धा अर्धंच, नुसतं ‘अण्णा’, आणि फोन बंद. वर या कायद्यात गाडीत माल सापडला की तुला माहीत होतं असंच धरून चालतात, माहीत नव्हतं हे त्याने सिद्ध करायचं. आणि कलम ३७ म्हणतं की कोर्टाला आधी असं वाटलं पाहिजे की हा माणूस बहुधा निर्दोष आहे, तरच जामीन, आता साक्षीपुरावा सुरूच झाला नाही तर हे कोर्टाने ठरवायचं कसं सांगा. म्हणून कच्चा कैदी म्हणून वर्षंच्या वर्षं जातात. शिक्षा झाली की दंडाचा लाख रुपया कुठून आणणार, तो नाही भरला की वाढीव कैद. खुनाच्या कैद्याला चांगल्या वर्तनाची माफी मिळू शकते, ती या कायद्यातल्या कमर्शियल मालाच्या कैद्याला नाही. हे मला न्यायाचं वाटत नाही आणि मी ते इथे स्पष्ट लिहिते.

ताई, हे तुम्हीही ऐका, कारण याचा उलटा परिणाम तुम्हाला भोगावा लागतो. शिक्षा जितकी कडक तितका पुरावाही पक्का लागतो, सुप्रीम कोर्टाने २००८ मध्येच हे सांगितलंय. सीलवर सही नाही, पंच फिरला, नमुना मॅजिस्ट्रेटसमोर काढला नाही, की केस कोसळू शकते आणि चांगला वकील लावू शकणारा मोठा मासा सुटतो. कमर्शियलमध्ये मधली वाटच नाही, एकतर १० वर्षं नाहीतर सरळ निर्दोष. मधे चारपाच वर्षांची सोय असती, माणसाचं काम काय होतं ते बघून, तर आज सुटतात त्यातले कित्येक आत गेले असते आणि तुमच्या भाच्यासारखे, दादा, लवकर बाहेर येऊन कामाला लागले असते.

दादा, तुमच्या वकिलांना तीन गोष्टी विचारा. पंचनाम्यात बोंडं आणि पाला वेगळा केलाय का, नसेल तर ३२ किलो हा आकडाच वादाचा आहे. नमुने कलम ५२अ प्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर काढलेत का. आणि मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गांजाच्याच केसमध्ये सात वर्षांहून जास्त काळ आत असलेल्या एका तरुणाला जामीन दिलाय, खटला इतका रखडत असेल तर कलम ३७ असलं तरी जामीन देता येतो म्हणून. तुमची अडीचच वर्षं झालीत, त्यामुळे लगेच मिळेल असं खोटं आश्वासन मी देणार नाही, पण साक्षीदार एकही नाही हा मुद्दा हायकोर्टात जोरात मांडा.

प्रश्न : मॅडम, भाऊ नशा करतो. व्यसनमुक्ती केंद्रात टाकायचंय, पण तिथे नाव नोंदवलं की पोलीस घेऊन जातील असं मिस्टर म्हणतात. खरंय का? - नाव नको

उत्तर : नाही, आणि या भीतीपोटी बायका दोनदोन वर्षं गप्प बसतात म्हणून मुद्दाम छापते. भावाकडे थोडाच, स्वतःपुरताच माल असेल आणि तो आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला, तर कलम ६४अ प्रमाणे त्याच्यावर खटला चालवता येत नाही. अट एकच, उपचार पूर्ण करायचे, अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली, त्या गर्दच्याच दिवसांत, मुक्तांगण सुरू केलं, तिथे किंवा जवळच्या सिव्हिल हॉस्पिटलला चौकशी करा. मात्र केंद्र मान्यताप्राप्त आहे ना ते आधी बघा, मारहाण करणारी केंद्रंही आहेत. भरती केल्याचा कागद, तारीख आणि शिक्क्यासकट, घरात जपून ठेवा. आणि भावाच्या खोलीत काही सापडलं तर ते पर्समध्ये घालून मला किंवा कोणालाच दाखवायला आणू नका, ताबा मग तुमचा धरला जाईल.