मुलीला स्त्री अभ्यास शिकायचा आहे

प्रश्न : माझी मुलगी समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाली असून तिला पुढे स्त्री अभ्यास या विषयात एम.ए. करायचे आहे. त्यात लिंगभाव आणि लैंगिकता हेही शिकवतात, असे ती सांगते. आम्ही लालबागला चाळीत राहतो. माझे वडील गिरणीत होते. आई गिरणी कामगारांची खानावळ चालवत असे आणि ८२च्या संपानंतर तिने पोळ्या लाटून देऊन घर सावरले. आता मुलीने नोकरी मिळेल असे काही शिकावे, एवढीच माझी इच्छा आहे. नातेवाइकांना विषयाचे नाव सांगतानाही संकोच वाटतो. हा विषय पुरुषांच्या विरोधात शिकवतो का, आणि त्याचा पुढे उपयोग काय?
– एक वडील, लालबाग

उत्तर : आपल्या आईविषयी आपण दोन ओळी लिहिल्या आणि पुढे गेलात; मी मात्र तिथेच थांबले, कारण आपली मुलगी जे शिकू पाहत आहे त्याचा गाभा त्या दोन ओळींत आहे. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले हजारो पुरुष गावकीच्या गाळ्यांत, म्हणजे एका गावच्या माणसांच्या सामाईक खोल्यांत, राहून गिरणीत पाळ्या करू शकले, ते कोणीतरी पहाटे उठून चूल पेटवत होते म्हणून. सकाळच्या पाळीचा डबा भोंग्याआधी तयार हवा, रात्रपाळीवाला परत येईल तेव्हा त्याचे ताट वाढायला हवे, आणि पगार महिन्याने होणार असल्यामुळे तोवर वाण्याची उधारी बाईनेच सांभाळायची, असा हा व्यवहार होता. वाण्याच्या आणि सावकाराच्या व्याजातून या बायकांची सुटका व्हावी म्हणून कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली. गिरणीच्या हजेरीपटावर कामगाराचे नाव होते; त्याला जेवू घालणारीचे नाव कोणत्याच पटावर नव्हते. ते का नव्हते, हा स्त्री अभ्यासाचा प्रश्न आहे.

आजही घरकामापुरते काम करणारी बाई जनगणनेत ‘काम न करणाऱ्यां’मध्ये मोजली जाते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, तेव्हा घरातले बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. अशी मोजणी व्हावी, ही मागणी या विषयातल्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे लावून धरली होती.

पुरुषांच्या विरोधात म्हणाल, तर तसे नाही, हे मी हा विषय अनेक वर्षे शिकवल्यानंतर जबाबदारीने सांगते. शरीराने आपण स्त्री किंवा पुरुष असणे वेगळे आणि समाजाने त्यावरून आपल्याला लावलेल्या अपेक्षा वेगळ्या. या अपेक्षांच्या रचनेला मराठीत लिंगभाव असा शब्द रूढ झाला आहे. संपात पगार बंद झाल्यावर घरात मान खाली घालून बसणारा गिरणी कामगारही याच रचनेत अडकलेला होता, कारण पुरुषाने कमावून आणलेच पाहिजे, हे त्याला लहानपणापासून शिकवले गेले होते. आपल्या वडिलांचे त्या दिवसांतले मौन आपल्याला आठवत असेल. तेही या अभ्यासाच्या कक्षेत येते.

राहिला लैंगिकता या शब्दाचा संकोच. तो मी समजू शकते. परंतु या शहराने हा विषय फार पूर्वीच चव्हाट्यावर आणला आहे. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला, तेव्हा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात चालला, आणि १८८७ मध्ये नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांची कैद भोगा, असा हुकूम झाल्यावर त्यांनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, त्या इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. बाईच्या शरीरावर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यांनी विचारला होता. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले आणि त्यांचेच चिरंजीव र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत मुंबईतून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून संततिनियमनाविषयी उघड लिहिले. तृतीयपंथी व्यक्तींच्या ओळखीला मान्यता देणारा २०१४ चा आणि समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढणारा २०१८ चा असे सर्वोच्च न्यायालयाचे दोन्ही निकाल आज वर्गात शिकवले जातात. नातेवाइकांना ‘स्त्री अभ्यास’ एवढे सांगितले तरी पुरे. सविस्तर सांगायचे की नाही, ते मुलीला ठरवू द्यावे.

विषय नवा नाही. त्याच महिला विद्यापीठात, म्हणजे एस.एन.डी.टी.मध्ये, समाजशास्त्रज्ञ नीरा देसाई यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये स्त्रीविषयक संशोधनाचे केंद्र सुरू झाले, जे देशातले पहिले. आणि १९८१ ची पहिली राष्ट्रीय परिषदही तिथेच भरली. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था हेही या विषयाचे जुने ठिकाण आहे. प्रवेशाचे नियम आणि शुल्क दरवर्षी बदलतात, त्यामुळे चालू वर्षाचे माहितीपत्रक पाहूनच अर्ज करावा.

नोकरीविषयीची आपली काळजी रास्त आहे आणि मी ती उडवून लावणार नाही. बँकेच्या परीक्षेसारखा सरळ रस्ता इथे नाही, स्वयंसेवी संस्थांतले पगार बहुधा बेताचे असतात आणि नेमणुका अनेकदा प्रकल्पापुरत्या असतात. तरीही कामे आहेत. बांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसाचाराने पीडित स्त्रियांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले, तसे समुपदेशनाचे काम आहे; दहा किंवा अधिक माणसे काम करतात त्या प्रत्येक कार्यालयात २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती बंधनकारक असून तिच्यावर बाहेरचा जाणकार सदस्य लागतो; आणि महाविद्यालयात शिकवण्यासाठी लागणारी ‘नेट’ ही पात्रता परीक्षा या विषयात देता येते. माझे मत विचाराल तर एम.ए.नंतर कायद्याची पदवी जोडावी. त्याने हात बळकट होतो. इंग्रजी वाचनाची सवयही तिने आत्तापासून लावावी, कारण बरेचसे साहित्य इंग्रजीत आहे आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुली पहिल्या सहामाहीत तिथेच खचतात.

आपल्या आई हयात असतील, तर प्रवेशाच्या मुलाखतीआधी मुलीला एक दुपार त्यांच्यापाशी वही घेऊन बसवावे. खानावळीत किती माणसे जेवत, महिन्याला किती पैसे हातात उरत आणि हिशेबाची वही घरात कोणाकडे असे, हे तिने आजीच्या शब्दांत उतरवून घ्यावे आणि ती वही मुलाखतीला सोबत न्यावी.