गोळा तर एकाच हाताने फेकतात, मग सचिन खिलारीच्या डाव्या हाताने काय फरक पडतो?

तुम्ही विचारलंय की त्याचा उजवा हात धडधाकट आहे, गोळा उजव्यानेच जातो, मग तो पॅरालिम्पिकमध्ये कसा. मी कॉलेजला असताना गोळाफेक केलीय त्यामुळे लिहितो.

आधी माणूस सांगतो. सचिन सर्जेराव खिलारी, सांगली जिल्ह्यात आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा. शाळेत असताना सायकलवरून पडून डावा हात मोडला, पुढे गँगरीन झालं, कोपराजवळचे स्नायू गेले, ऑपरेशनं होऊनही हात काही पहिल्यासारखा झाला नाही. मेकॅनिकल इंजिनिअर झाला, स्पर्धा परीक्षेच्या पोरांना शिकवलं, आधी भाला फेकायचा पण खांदा दुखावला म्हणून गोळ्याकडे वळला.

आता डाव्या हाताचं. गोळा खरं तर फेकत नाहीत, ढकलतात, आणि तो जोर पायातून कमरेतून वर येतो, हाताचं काम शेवटी. उजवी बाजू पुढे येताना डावा हात आधी उघडून छाती ताणायची आणि ऐनवेळी तोच हात झटक्यात अंगाशी घ्यायचा, की डावी बाजू भिंतीसारखी थांबते आणि सगळा जोर गोळ्यात जातो. आमच्या सरांनी एकदा माझा डावा हात टॉवेलने पोटाशी बांधला आणि म्हणाले, टाक आता. एरवी माझा साडेदहा मीटर जायचा, त्या दिवशी नऊच्या आत पडला आणि मी तोल जाऊन पुढच्या लाकडी पट्टीवरून बाहेर, म्हणजे फाऊलच. तीन वेळा टाकला, तिन्ही वेळा तेच! जिममध्येही दोन्ही हातांनी बार धरायचा कुठलाही व्यायाम घ्या, एक हात पुरता साथ देत नसेल तर प्रत्येक गोष्टीला वेगळी वाट शोधावी लागते.

एवढं सगळं असून हा माणूस एफ ४६ गटात, म्हणजे एका हातात दोष असलेल्या खेळाडूंच्या गटात, ६ किलोच्या गोळ्याने, २०२३ ला पॅरिसमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाला, मग हांगझोच्या आशियाई पॅरा गेम्समध्ये गोल्ड, २०२४ ला कोबेला १६.३० मीटर टाकून परत वर्ल्ड चॅम्पियन. आणि ४ सप्टेंबर २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये दुसऱ्याच प्रयत्नात १६.३२, आशियाई रेकॉर्ड आणि सिल्व्हर. पुढे अर्जुन पुरस्कारही मिळाला.

गोल्ड कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टला, १६.३८. हा स्टुअर्ट सात फुटांच्या वर उंच आहे, म्हणजे त्याच्या हातातून गोळा सुटतो तोच केवढ्या वरून, आणि तरी फरक फक्त ६ सेंटीमीटरचा. ६ किलोचा गोळा हातात घेऊन बघा, त्याची निम्मी रुंदी भरेल तेवढंच अंतर ते.