प्रश्न तुमचे : लँडस्केपची शाखा आणि नासर्डीचा काठ

प्रश्न : नाशिकमधले काही लँडस्केप आर्किटेक्ट (बागा, नदीकाठ अशा मोकळ्या जागांचं डिझाइन करणारे) आणि विद्यार्थी मिळून आम्ही एक शाखा चालवतो आणि दर महिन्याला व्याख्यान ठेवतो. पहिल्या वेळी सभागृह भरलं होतं, आता पुढच्या दोन रांगाही भरत नाहीत. विद्यार्थी टिकावेत म्हणून काय करावं? (गंगापूर रोड)

उत्तर : स्वागत, सत्कार, शाल-श्रीफळ आणि मग घाईघाईत स्लाइड्स, असा कार्यक्रम असेल तर विद्यार्थी येत नाहीत यात नवल नाही. व्याख्यानं त्यांना कॉलेजात पुष्कळ मिळतात. जाणत्या माणसाबरोबर साइटवर उभं राहायला मात्र मिळत नाही. म्हणून वर्षाचे बारा विषय ठरवण्यापेक्षा वर्षभरासाठी एकच जागा ठरवा. नासर्डी नदीचा अर्धा किलोमीटर काठ घेतला तरी काम पुरून उरेल.

सुरुवात उन्हाळ्यात, लेव्हलपासून, म्हणजे जमिनीचा उंच-सखलपणा मोजण्यापासून करा. एका ऑटो लेव्हलमागे (तिपाईवरच्या दुर्बिणीच्या यंत्रामागे) चौघं बसतात : एक यंत्रावर, एक स्टाफ म्हणजे आकड्यांची उभी पट्टी धरायला, एक फील्ड बुकवर (नोंदवहीवर), एक टेपवर. दर तासाला कामं बदला, नाहीतर वर्षअखेरीस एकालाच यंत्र लावता येतं आणि बाकीचे सेल्फीपुरते उरतात. काठाने जाऊन त्याच बिंदूवर परत या. एक किलोमीटरच्या अशा फेरीत सुरुवातीच्या आणि शेवटच्या पातळीत २५ मि.मी.पर्यंतची तफावत चालवून घेता येते. जास्त आली तर बहुधा यंत्र हलवल्यावरचा पहिला रीडिंग चुकीच्या रकान्यात गेलेला असतो, किंवा स्टाफ चिखलात रुतलेला असतो.

नेमकी चूक मात्र याच्या आधी होते. मुलं जवळच्या एखाद्या चौथऱ्याची पातळी १००.०० धरून मोकळी होतात. पूररेषेच्या पातळ्या समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये दिलेल्या असतात, त्यामुळे ही शंभराची लेव्हल त्यांना कुठेच जोडता येत नाही. आधी जलसंपदा विभागाकडून किंवा महापालिकेकडून जवळच्या पक्क्या बेंचमार्कची (पातळी ठरवून दिलेल्या खुणेची) पातळी मिळवा आणि तिथून लेव्हल ओढत आणा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या दोन्ही रेषा ड्रॉइंगच्या शीटवर आल्याशिवाय डिझाइनला हात लावू देऊ नका. निळ्या रेषेच्या आत अॅम्फीथिएटर, लॉन आणि ग्रॅनाइटचे बाक काढलेल्या शीट्स दर वर्षी ज्युरीपुढे (परीक्षकांपुढे) येतात. सप्टेंबर २००८चा पूर पाहिलेल्या गावात हे चालून जावं, याचं आश्चर्य वाटतं. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं, हे इथे शाळकरी पोरही सांगतं.

लेव्हलनंतर झाडं घ्या. खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, शिंप्याच्या टेपने मोजायचा. १५७ सें.मी. घेराला ३.१४ने भागलं की व्यास ५० सें.मी. निघतो. उतारावरच्या झाडाला ही १.३७ मीटरची उंची चढाकडच्या बाजूने धरा. खोड त्या उंचीखालीच फुटलं असेल तर प्रत्येक फाटा वेगळा मोजा, पण झाड एकच लिहा. वडाला पारंब्या चिकटलेल्या असतील तर त्यांच्यासकट घेर घेऊ नका. २०२१च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या वृक्ष कायद्यात ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज ठरतं. त्यामुळे घेरावरून वय काढायचा मोह होतो. तो टाळा. पाण्याकाठचा उंबर आणि मुरमाड माळावरचा कडुनिंब एकाच वेगाने वाढत नाहीत. जुने फोटो आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांची साक्ष अधिक कामाची.

माती तपासताना ३० बाय ३० सें.मी.चा, ४५ सें.मी. खोल खड्डा पुरतो. पण मे महिन्यात काळ्या मातीत पाणी ओतलं की ते भेगांतून भराभर निघून जातं, आणि विद्यार्थी आनंदाने ‘उत्तम निचरा’ असं लिहितात. तीच माती जुलैत फुगते, भेगा मिटतात आणि पाणी तुंबतं. म्हणून आदल्या दिवशी खड्डा भरून माती मुरवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि दर अर्ध्या तासाला पातळी किती उतरली ते मोजा. तासाला सेंटीमीटरभरही उतरत नसेल तर पाणी जिरवण्याच्या भरवशावर डिझाइन करू नका. खाली सच्छिद्र पाइप आणि खडी लागेलच.

पावसाळ्यात पात्रात कुणालाही उतरवू नका, वरच्या अंगाला पाऊस झाला की पाणी अचानक चढतं. ते महिने ड्रॉइंगला आणि एकमेकांच्या शीट्स तपासायला ठेवा.

प्रश्न : थोडी वर्गणी जमली आहे. उत्कृष्ट थिसीसला रोख बक्षीस द्यावं का? (कॉलेज रोड)

उत्तर : बक्षीस एकाला मिळतं, आणि बहुधा ज्याच्याकडे आधीच चांगला लॅपटॉप आहे त्यालाच. ते पैसे लेव्हलच्या भाड्याला, माती परीक्षणाला, ए-वन आकाराच्या मोठ्या प्रिंटला आणि बाहेरगावच्या मुलांच्या एसटीभाड्याला लावा. खर्चाचा हिशोब दर तिमाहीला सगळ्यांसमोर ठेवा. आणि सभासदांच्या ऑफिसांत इंटर्न असतील तर त्यांना मानधन द्यायचंच, हे शाखेने लेखी ठरवावं. फुकट राबवून वर ‘विद्यार्थी साहाय्य’ म्हणता येत नाही.

प्रश्न : पुस्तकातून झाडं पाठ होतात, नर्सरीत मात्र ओळखता येत नाहीत. (सिडको)

उत्तर : यादी छोटी ठेवा, तीस झाडं. प्रत्येक झाड वर्षातून चार वेळा, तेच झाड, त्याच जागी पाहा. पळस, पांगारा निष्पर्ण असताना फुलतात, बहावा उन्हाळा तापल्यावर. एकदाच पाहून ही ओळख होत नाही. कडुनिंब आणि बकाण यांत गोंधळ होत असेल तर पानाकडे बघा : कडुनिंबाचं पान एकदाच विभागलेलं असतं, बकाणाचं दोन-तीनदा. नर्सरीत रोप घेताना पिशवी खालून सोलून बघायची परवानगी मागा. मुळं गोल गोल वेटोळी झाली असतील तर रोप उंच असलं तरी परत ठेवा. पाच-सहा वर्षांनी वाऱ्याने आडवी पडतात ती हीच झाडं.

प्रश्न : लँडस्केप आर्किटेक्टला परवाना लागतो का? (नाशिक रोड)

उत्तर : १९७२च्या आर्किटेक्ट्स कायद्याखाली नोंदणी होते ती आर्किटेक्टची, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे. लँडस्केपसाठी तशी वेगळी वैधानिक परिषद नाही. २००३ साली स्थापन झालेली इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स ही व्यावसायिकांची संघटना आहे, परवाना देणारी संस्था नव्हे. पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी बी.आर्क. या आर्किटेक्चरच्या पदवीनंतर दोन वर्षांचा असतो. इतर शाखांतल्या पदवीधरांना घेतात का, हे ज्या त्या संस्थेच्या माहितीपत्रकात पाहूनच अर्ज भरा.