गोव्यात समुद्र एकच संध्याकाळ का?

प्रिय ओवी,

रात्रपाळी करून सकाळी घरी आले आणि फ्रिजवरची तुझी चिठ्ठी वाचली. 'वर्गात सगळे म्हणाले गोवा म्हणजे बीच. मग आपण पाच दिवसांत एकच संध्याकाळ समुद्रावर का गेलो? आणि आजी देवळात देवीशी भांडत का होती?' तू शाळेत, मला झोप येईना, म्हणून लिहायला बसले. जोडाक्षरं अडली तर बाबाकडून वाचून घे.

खरं सांगू, पहिला प्रश्न लग्नानंतर मलाही पडला होता. मी साताऱ्याची, आमची कुलदेवी तुळजापूरची भवानी. 'गोव्याला जायचंय' म्हटल्यावर मी बॅगेत टोपी आणि गॉगल भरला. आजीने तो न बोलता बाजूला सारला आणि खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू असं ओटीचं सामान वर रचलं. तेव्हा कळलं आपण कुठे निघालोय.

आपलं घर तीन पिढ्या गिरगावातलं, पण देवी गोव्यात फोंड्याजवळच्या कवळ्याची शांतादुर्गा. गंमत म्हणजे तीही मूळची कवळ्याची नाही. तिचं गाव केळोशी, जुवारी नदीच्या पलीकडे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज तिकडची देवळं पाडायला लागले, तेव्हा लोकांनी आपापले देव उचलले आणि नदी ओलांडून फोंड्याकडे आणले. मंगेशीचा मंगेशही असाच १५६० मध्ये कुठ्ठाळीहून आला. फोंड्यावर तेव्हा पोर्तुगिजांचं नाही, आदिलशहाचं राज्य होतं. हो, विजापूरच्या आदिलशहाचं. इतिहासाच्या तासाला तो नेहमी शत्रूच्या बाकावर बसलेला असतो, पण या देवांना आसरा मिळाला तो त्याच्याच मुलखात.

बाबा म्हणतो, देवीही आपल्यासारखीच गाव सोडून आलेली. मला ते ओढूनताणून वाटतं. आपण गिरगाव सोडून इकडे आलो ते नोकरीचं पत्र हातात घेऊन, पाच सूटकेस आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन. ती माणसं मूर्ती कपड्यात गुंडाळून, रात्रीच्या अंधारात होडीतून आली म्हणतात.

आता आहे ते देऊळ बरंच नंतरचं, १७३८ च्या सुमाराचं. साताऱ्याच्या शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांनी ते बांधायला घेतलं. (सातारा! हे मी आजीला मुद्दाम दोनदा ऐकवलं.) तुला ते चर्चसारखं वाटलं, ते अगदीच चूक नाही. घुमट, कमानीच्या खिडक्या, आत टांगलेली झुंबरं. बांधणारे कारागीर आजूबाजूला जे बघत होते तेच त्यांच्या हातात उतरलं. पण बाहेरची दीपमाळ आणि तळी मात्र आपली.

आता भांडण. आजी भांडत नव्हती, कौल मागत होती. भटजींनी पाकळ्या पाण्यात बुडवून मूर्तीच्या डाव्या-उजव्या अंगाला चिकटवल्या, आठवतं? मग आजीच्या वतीने गाऱ्हाणं घातलं, 'गुडघ्याचं ऑपरेशन करून घेऊ का, बाये, काय तो कौल दे.' उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तू माझा हात धरून श्वास रोखला होतास. आजूबाजूला उदबत्तीचा धूर, मागच्या बाईंच्या गजऱ्याचा वास, आणि पाकळी काही हलेना. शेवटी पडली ती डावी.

आजीने एक मिनिट डोळे मिटले आणि म्हणाली, 'बरं, मग पावसाळ्यानंतर करू का, ते विचारा.' प्रश्नच बदलला! भटजी हसले नाहीत. त्यांना हे रोजचं असणार. नव्या पाकळ्या लावल्या, आणि या वेळी उजवी पटकन गळली. तू मोठ्याने 'येस!' म्हणालीस आणि दोन-चार लोकांनी वळून पाहिलं.

पाकळीला गुडघ्यातलं काय कळतं, असं तू नंतर गाडीत विचारलंस. मी नर्स आहे, माझं मत तुला माहीत आहे. पण गेली दोन वर्षं डॉक्टर, बाबा आणि मी सांगत होतो तेव्हा आजी 'बघू' म्हणायची. त्या दिवशी अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या भक्तनिवासात, जेवताना मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची आमटी) दुसऱ्यांदा वाढून घेत तिने स्वतःहून विचारलं, ऑपरेशननंतर किती दिवसांनी जिना चढता येतो?

मिरामारच्या समुद्रावर आपण गेलो तेव्हा अंधार पडायला आला होता, हे मात्र कबूल. त्याला देवी जबाबदार नाही, बाबाने फोंड्यात पार्किंगमध्ये गाडीची किल्ली हरवली होती.

कालच आजीचा फोन आला, ऑक्टोबरची तारीख मिळाली आहे. तू बोलशील तेव्हा गुडघ्याबद्दल विचार, आणि तुझी एक निळी चप्पल तिच्या पिशवीत निघाली आहे म्हणे.

तुझी,
आई